तात्यांना विचारणे – दोन दिवस

मी एक जुना पांढरा फळा आहे. चौदा वर्षे एकाच कंपनीच्या भिंतींवर टांगलेला आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझी स्वतःची गोष्ट मलाच नीट समजलेली नाही. माझ्या हातून एक मोठी चूक झाली की एक मोठे काम झाले, याचा मी रोज विचार करतो आणि रोज गोंधळतो. फळ्याला हात नसतात हे मला माहीत आहे, बोलण्याची पद्धत असते तशी. तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. नीट ऐका आणि तुम्हीच काय ते ठरवा.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. अंगावर गुळगुळीत पांढरा मुलामा, चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची चौकट आणि खाली पेने ठेवायला अरुंद पट्टी, असे माझे रूप होते. ज्या कंपनीने मला विकत घेतले ती लिफ्ट बनवणारी होती. आम्ही दारात पोचलो तर त्यांचीच लिफ्ट बंद. मग दोन हमालांनी मला डोक्यावर घेऊन चार मजले चढवले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा डावा कोपरा भिंतीला आपटला, तो अजूनही वाकडा आहे.

मला नियोजनाच्या खोलीत टांगण्यात आले. कोणत्या इमारतीत लिफ्ट बसवायची, केव्हा आणि कोणी, हे सगळे त्या खोलीत ठरत असे. ताई त्या खोलीच्या प्रमुख होत्या. त्यांनी माझ्यावर पट्टीने रेघा आखल्या. डावीकडे कामांची नावे आणि वर पाच रकाने : मोजमाप, कारखाना, वाहतूक, जोडणी, तपासणी. प्रत्येक कामाला लोहचुंबकाचे एक रंगीत बटण. एक टप्पा पुरा झाला की बटण एक घर उजवीकडे सरकायचे. सगळ्यात वरच्या ओळीसाठी ताईंना खुर्चीवर चढावे लागे, आणि खुर्ची चाकांची असल्यामुळे दुसऱ्या कोणाला तरी ती धरावी लागे.

“बटण सरकलं म्हणजे काम झालं,” ताई म्हणायच्या. “नुसतं तोंडाने सांगितलं म्हणजे नाही झालं.”

हे वाक्य ऐकले की माझी छाती फुगायची. आपल्यावाचून या कंपनीचे पान हलत नाही, असे मला वाटू लागले होते.

त्या दिवसांत जोडणीच्या कामावर तात्या होते. सडसडीत माणूस, खिशात कायम ओळंबा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले टोकदार वजन. ते वरून सोडले की भिंत सरळ आहे की वाकडी ते कळते. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते तिला शाफ्ट म्हणतात. कोणत्याही इमारतीत जोडणी सुरू होण्याआधी तात्या त्या शाफ्टमध्ये ओळंबा सोडून बघत बसत. एक दिवस, कधी दोन दिवस. तरुण फिटर कंटाळायचे, पण तात्या ‘करा सुरू’ म्हणेपर्यंत एकही खोके उघडायचे नाही, असा तिथला नियमच होता.

एकदा हा नियम एक नवा माणूस विसरला आणि सगळे काम उलगडून पुन्हा करावे लागले. ताई संतापल्या. त्यांनी नकाशे काढणाऱ्या चष्मेवाल्याला सांगितले, “लिही फळ्यावर. मोठ्या अक्षरात लिही.” फळ्याचे पेन वाळले होते. चष्मेवाल्याने हाताला लागले ते पेन घेतले आणि माझ्या तळाशी उजवीकडे लिहिले : जोडणीआधी तात्यांना विचारणे – २ दिवस.

ते पेन खोक्यांवर पत्ता लिहायचे होते. न पुसले जाणारे.

मित्रांनो, त्या दिवशी माझे जे हाल झाले ते विचारू नका. स्पिरिट लावले, थिनर लावले, ताईंनी पर्समधून नखांचा रंग काढायचे औषध काढले, तेही लावले. माझी चमक गेली, पण अक्षरे जागची हलली नाहीत. चष्मेवाल्याला सगळ्यांनी फैलावर घेतले. तात्या मात्र खूश होते. “राहू द्या हो,” ते म्हणाले, “मी गेल्यावर माझं नाव कुठेतरी राहील.”

तीन वर्षांपूर्वी तात्या निवृत्त झाले आणि लेकीकडे राहायला गेले. ओळ राहिली. पण रोज दिसणारी वस्तू माणसांना दिसेनाशी होते, हे मी तेव्हा शिकलो. लोक त्या ओळीच्या वर लिहायचे, बाजूला लिहायचे, ती ओळ मात्र कोणीच वाचायचे नाही. तात्यांच्या जागी आलेला फोरमन कामाला वाघ होता, पण त्याला थांबणे माहीत नव्हते. माल उतरला की जोडणी सुरू. मग कुठे तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट घासायची, कुठे दार आणि जमीन यांच्यात फट राहायची, आणि बसवलेले सगळे काढून पुन्हा बसवावे लागायचे. माझ्यावरची बटणे जोडणीच्या रकान्यात आठवडेच्या आठवडे अडकून पडू लागली. ताईंचे केस त्याच वर्षी पांढरे झाले.

मग कंपनीत नवे साहेब आले, आणि ते आपल्याबरोबर त्याला घेऊन आले.

त्याला म्हणजे कोणाला, हे सांगणे मला अजून जमत नाही. समोरच्या भिंतीवर सुपारीएवढा एक कॅमेरा बसला आणि टेबलावर एक पडदा आला. साहेब म्हणाले, “ही कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. आपल्या जुन्या सगळ्या कामांचे कागद हिने वाचलेत. रोज सकाळी नऊला ही आपला हा फळा वाचेल, फिटरांचे रिपोर्ट वाचेल, आणि कोणतं काम कधी करायचं, ट्रक कधी पाठवायचा, कुठे अडचण येईल, ते सगळ्यांच्या फोनवर सांगेल.”

त्याच्यासाठी खोलीतला एसी दिवसभर चालू ठेवायचा असे ठरले. आम्ही सगळे इतकी वर्षे घामाघूम होत होतो, तेव्हा एसीला हात लावायची सोय नव्हती. फोरमन म्हणाला, “काम काही नाही, आणि मान बघा केवढा! जावईबापूच आलेत.” तेव्हापासून त्याचे नाव जावईबापू पडले.

पहिल्याच आठवड्यात जावईबापूंनी सगळ्यांना हसवले. माझ्या कोपऱ्यात कोणीतरी ‘दूध संपले’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर आले : दूध – संपले. जबाबदारी निश्चित नाही. ताई फोनवर बोलताना माझ्यावर फुले काढत असत, त्यांना त्याने अपूर्ण आकृत्या म्हटले आणि त्या केव्हा पूर्ण होणार ते विचारले. मग लोक नको ते लिखाण लगेच पुसू लागले. तळाची ती ओळ कोणी पुसली नाही. ती पुसता येत नव्हती आणि दिसतही नव्हती.

पण जावईबापूंना दिसत होती.

आता इथून माझा गोंधळ सुरू होतो. जावईबापूंनी प्रत्येक कामाच्या आराखड्यात जोडणीआधी दोन दिवस घातले आणि त्यावर लिहिले : तात्यांना विचारणे. ट्रकची तारीख त्याप्रमाणे दोन दिवस पुढे गेली. ज्याच्या हाती काम असेल त्याच्या फोनवर प्रत्येक वेळी एक प्रश्न जायचा. प्रश्नाखाली दोन चौकोन : हो आणि नाही. फोन वाजला की मंडळी काय करायची ते मी डोळ्यांनी बघत होतो. बोलता बोलता, चहा पिता पिता, जिना उतरता उतरता ‘हो’ दाबायची. दिवसाला असे चाळीस प्रश्न येत असत, वाचणार तरी किती?

इकडे फिटर ठरल्या तारखेला, म्हणजे मालाच्या दोन दिवस आधी, इमारतीत पोचायचे आणि बघायचे तर माल नाही. एका सोमवारी फोरमन हात झटकत आत आला. “दोन दिवस नुसतं बसून काय करणार? शाफ्ट झाडून घेतला, ओळंबा सोडून बघितला, तर भिंतीने ही एवढी ढेरी काढलेली! बरं झालं माल उशिरा आला.”

असे एकदा झाले, दोनदा झाले, मग ती सवयच झाली. बटणे पुन्हा भराभर सरकू लागली. घासणाऱ्या लिफ्ट थांबल्या. दीड वर्षात एकसष्ट कामे झाली आणि त्यांतली बहुतेक वेळेवर झाली. साहेबांनी सगळ्यांना बोलावून भाषण केले, जावईबापूंचा फोटो काढला, म्हणजे पडद्याचा काढला, कारण दुसरे काढणार काय? सगळे टाळ्या वाजवत होते. मी समोरच्या भिंतीवरून बघत होतो आणि मला कळत नव्हते की या टाळ्यांतली एखादी माझ्या वाट्याची आहे का. की मी एका बिचाऱ्या नव्या यंत्राला खोटे सांगत होतो?

याच सुमारास हाडांच्या दवाखान्याचे काम आले. तिथल्या मेट्रन स्वतः आमच्या खोलीत आल्या. त्यांचा जुना वॉर्ड वीस तारखेला बंद होणार होता आणि सगळे रुग्ण एकवीस तारखेला नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जाणार होते.

“ताई, माझे सगळे पेशंट प्लास्टरमधले,” मेट्रन म्हणाल्या. “त्यांना जिना चढता येत नाही. एकवीसला लिफ्ट पाहिजे म्हणजे पाहिजे. मला शब्द द्या.”

ताईंनी शब्द दिला आणि माझ्यावर लाल पेनाने लिहिले : २० तारीख. शब्द दिला आहे.

दोनच दिवसांनी साहेब आराखडे तपासायला बसले. पडद्यावर सगळी कामे एकाखाली एक मांडली होती, आणि प्रत्येकात एकाच जागी एक पिवळी पट्टी होती. साहेबांनी पट्टीवर बोट ठेवले.

“हे तात्या कोण? कोणत्या डिपार्टमेंटला असतात?”

फोरमन उगाच खोकला. शेवटी ताई म्हणाल्या, “ते रिटायर झाले. तीन वर्षं झाली.”

“मग दीड वर्ष आपण विचारतोय कोणाला?”

चष्मेवाल्याने हळूच माझ्याकडे बोट दाखवले. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा ती ओळ कोणीतरी वाचत होते. मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले, पण मी खिळ्याला टांगलेला.

साहेब आधी पोट धरून हसले, आणि मग त्यांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे एका डागाने आपले एकशे बावीस दिवस खाल्ले!” त्यांनी तिथल्या तिथे ती पिवळी पट्टी काढायला सांगितली. जावईबापूंनी पडद्यावर उत्तर दिले : हे दोन दिवस काढल्यास काम लांबण्याची शक्यता वाढते. कारण माहीत नाही.

“कारण माहीत नाही म्हणे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पट्टी काढली. मग ते ताईंकडे वळले. माणूस वाईट नव्हता, आवाज मऊच होता. “मॅडम, दवाखान्याचं काम आता अठराला होईल. हे असं वेळेआधी झालं, तर मग हा फळाही नको आणि ही वेगळी खोलीही नको. तुम्हाला गोदामाकडे चांगली जागा बघू.”

ते गेले. दुपारची वेळ होती. बाकीचे एकेक करून बाहेर पडले. ताई पडद्यासमोर बसल्या आणि जावईबापूंचे त्या पट्टीबद्दलचे जुने प्रश्न उघडून वाचू लागल्या. त्यांना मोठ्याने वाचायची सवय होती, म्हणून मलाही कळले.

“तात्या यांचा संपर्क उपलब्ध नाही. त्यांना न विचारता पुढे जायचे का? हो.” त्या थांबल्या. खाली तोच प्रश्न, तेच उत्तर. पुन्हा तोच प्रश्न. एकसष्ट कामे, एकसष्ट प्रश्न, एकसष्ट वेळा हो. त्यांतले एकोणीस हो ताईंचे स्वतःचे होते.

“एकोणीस वेळा,” ताई म्हणाल्या. “अगं बाई, एकोणीस वेळा मी म्हटलं, तात्या नकोत म्हणून.”

त्यांनी फोन हातात घेतला, आणि मित्रांनो, तेव्हा माझ्या मनात काय आले ते सांगायला मला लाज वाटते. मी मनात म्हटले, ताई, नका करू फोन. गप्प बसा. जोडणी अडू द्या, तारीख चुकू द्या. मग साहेबांना फळ्याची किंमत कळेल, तुमचीही कळेल, आणि आपण दोघे इथेच राहू. ताईंनाही हे कळत असणार. त्या फोन हातात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत बसल्या होत्या. पण माझ्यावर लाल अक्षरात काय लिहिले आहे तेही त्यांना दिसत होते.

त्यांनी फोन लावला.

“तात्या, मी बोलतेय.”

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मला भिंतीवर ऐकू आला. “आज बरी आठवण झाली गं पोरी! तीन वर्षांत एक फोन नाही.”

“चुकले, तात्या. एक शाफ्ट बघायचाय. याल?”

“गुडघे कामातून गेलेत माझे. किती मजले?”

“तीन.”

“आणि लिफ्ट?”

“तीच तर बसवायचीय, तात्या.”

पुढचे मी पाहिलेले नाही, फोरमनने दहा वेळा सांगितले म्हणून मला पाठ आहे. तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंबा घेऊन दवाखान्यात हजर. त्यांना जिना चढवेना. मग चार फिटरांनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर नेले. वाटेत तात्या ओरडत होते, “आयुष्यभर लोकांना लिफ्ट दिली, आणि माझी ही वरात!” वर पोचल्यावर त्यांनी ओळंबा सोडला आणि सगळ्यांना गप्प केले. अडीच तास ते बघत बसले. मग म्हणाले, “दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये भिंत दोन बोटं बाहेर आलीय. छिन्नीवाल्याला बोलवा.” छिन्नीवाल्याला भिंत तासायला दीड दिवस लागला. तोवर उतरलेला माल तसाच पडून राहिला. फोरमन म्हणाला, की हे आधी दिसले नसते तर वीस तारीख सोडा, महिनाअखेरही गाठता आली नसती.

एकोणीसच्या संध्याकाळी तपासणी पुरी झाली. वीस तारखेला सकाळी मेट्रन रिकामी चाकांची खाट घेऊन वर गेल्या आणि खाली आल्या, पुन्हा वर गेल्या आणि खाली आल्या. ताईंनी माझ्यावरचे बटण शेवटच्या घरात सरकवले.

साहेब आनंदात आत आले. “बघा! ते दोन दिवस काढूनही शब्द पाळलाच ना?” ताई गप्प बसल्या असत्या तरी चालले असते. पण त्यांनी सगळे खरे सांगितले. तात्यांना बोलावल्याचे, थांबलेल्या जोडणीचे, छिन्नीवाल्याचे, आणि एकोणीस वेळा दाबलेल्या ‘हो’चेही.

साहेबांनी तात्यांना भेटायला बोलावले. सुदैवाने त्या दिवशी आमची लिफ्ट चालू होती. तात्या आत आले ते थेट माझ्यासमोर आले आणि त्या ओळीवरून बोट फिरवून म्हणाले, “अजून आहे की!”

“तात्या, तुम्ही दोन दिवस नेमकं बघता काय?” साहेबांनी विचारले.

“भिंत कुठे वाकडी आहे ते.”

“आणि वाकडी नसली तर?”

“तर जेवून घरी जातो.”

“असे किती वेळा जेवून घरी गेलात?”

तात्यांनी आठवून पाहिले. “तीन-चार वेळा गेलो असेन. तीस वर्षांत.”

मग खोलीत जो वाद झाला त्याने माझे डोके पार फिरले. चष्मेवाला म्हणाला, जावईबापूंचे बरोबरच होते, फक्त का बरोबर ते त्यांना माहीत नव्हते. फोरमन म्हणाला, त्यांचे कसले बरोबर, एक डाग वाचला आणि नशिबाने लागू पडला. साहेब म्हणाले, पण पट्टी काढताना त्याने धोका सांगितला होता. मग शहाणा कोण? ओळ चुकून लिहिली गेली होती, चुकून राहिली होती, चुकून वाचली गेली होती. एवढ्या चुका एकावर एक रचून बरोबर उत्तर येते का? हिशेब जमत नाही, मित्रांनो, मी अजून करतो आहे.

ताई एवढेच म्हणाल्या, “त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो विचारत होता. आपल्याला माहीत होतं, आणि आपण वाचलं नाही.”

साहेबांनी पडद्यावरचे जुने प्रश्न उघडले आणि पहिल्यापासून वाचायला घेतले.

आता मी नियोजनाच्या खोलीत नाही. माझ्या जागी मोठा पडदा आला, आणि मला बाहेरच्या बोळात, फिटरांच्या हत्यारांच्या कपाटाशेजारी टांगले. माझ्यावर धूळ बसते. कोणी हातमोजे अडकवतो, कोणी पाठ टेकतो. मला वाईट वाटते, ते मी लपवत नाही. ताई मात्र खोलीतच आहेत. जावईबापूंचे प्रश्न वाचायचे आणि त्यांची उत्तरे द्यायची, हे आता त्यांचे काम आहे. ‘हो’ दाबले की ‘का?’ असेही लिहावे लागते, हा नियम साहेबांनी स्वतः केला.

मित्रांनो, मी काही उपदेश करण्याच्या लायकीचा नाही. पण कोणी तुम्हाला काही विचारले, माणसाने विचारो की यंत्राने, तर उत्तर देण्याआधी प्रश्न वाचा. त्यात कोणाचे नाव असेल, तर तो माणूस कुठे आहे, कसा आहे, याची चौकशी करा. एवढे मला नक्की समजले आहे. बाकीचे समजलेले नाही.

माझ्यावर आता कोणताही कॅमेरा रोखलेला नाही. तरी प्रत्येक नव्या आराखड्यात जोडणीआधी तीच पिवळी पट्टी येते, असे फिटर बोलताना मी ऐकतो. जावईबापूंनी ती आता जुन्या कामांवरून स्वतः घातली आहे. आणि गेल्या महिन्यात बोळातून जाताना सगळ्यांचे फोन एकदम वाजले. चष्मेवाल्याने थांबून मोठ्याने वाचले : तात्यांचे वय एकाहत्तर आहे. त्यांच्यानंतर कोणाला विचारावे?

कोणीही चटकन काही दाबले नाही. सगळे बोळात उभेच राहिले. मग फोरमन माझ्यासमोर आला. तात्यांनी दिलेला ओळंबा त्याच्या खिशातून बाहेर लोंबत होता. त्याने कपाटावरचे पेन उचलले आणि त्या जुन्या ओळीच्या शेवटी दोन शब्द जोडले : नाहीतर मला.

पेन खोक्यांवर पत्ता लिहायचे होते. त्याने ते चुकून घेतले की मुद्दाम, मला ठाऊक नाही. पण या वेळी स्पिरिट आणायला कोणी धावले नाही.